दुसऱ्या व्हिडिओतला हात

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. खरं तर अजूनही नाही... पण हे आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी नरसिंहपूरची, आमच्या घरातली पहिली पदवीधर. दहावीनंतर वडील माझं शिक्षण थांबवणार होते, तेव्हा आमचे मुलाणी सर दारात ठाण मांडून बसले — ‘पोरीला पुढं शिकवतो म्हणा, मगच चहा घेतो.’ आज मी बारामतीच्या एका कॉलेजात संगणक विभागात आहे, ती त्यांच्यामुळे. निवृत्तीनंतर सर आमच्याच कॉलेजच्या इंदापूर केंद्रात गणित शिकवतात.

मागच्या उन्हाळ्यात कॉलेजला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची नवी सिस्टीम घ्यायची होती. एकाच वेळी दोन व्हिडिओ — एकात सर समोरून, दुसऱ्यात टेबलावरची वही. आठवडाभर तपासून अहवाल मी द्यायचा होता. वेळ दुपारी दोनची. मी बारामतीत, सर इंदापुरात. त्यांनी टेबलावर पेन आपटायचं आणि दोन्ही व्हिडिओंतला वेळेचा फरक मी मोजायचा.

‘सर, घड्याळ बघून सांगा हं.’

‘तूच बघ बाई. आमी जन्मभर शाळेच्या घंटेवर जगलो.’ सरांनी घड्याळ कधी बांधलंच नव्हतं.

वहीच्या व्हिडिओत पेन आधी आपटलं. मला वाटलं, चेहरा उशिरा येतोय. मग म्हटलं, ‘सर, मी सांगते तो आकडा लिहा.’ मी मनात एकाहत्तर धरला होता, अजून बोललेही नव्हते... आणि वहीवर ७१ उमटला.

सर म्हणाले, ‘वायर उलटी खोचली असशील.’

फरक रोज वाढत गेला. चौथ्या दिवशी एक कप चहा पिऊन होईल एवढा झाला.

शेवटच्या दिवशी सर समोर शेंगा फोडत गप्पा मारत होते. दुसऱ्या व्हिडिओत त्यांचा हात वहीवर होता. वाकडी करंगळी त्यांचीच. हातातलं पेन घरंगळलं. पंजा उघडा पडला... आणि मग हललाच नाही. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. त्या घाईत मला त्याचं काहीच वाटलं नाही.

‘सर, उठा! आत्ता दवाखान्यात जा!’

‘आगं, मला काय झालंय? शेंगा खातुया की मी!’

मी रडायलाच लागले, तेव्हा कुठं ते गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. काही म्हणजे काही निघालं नाही. ‘ठणठणीत हाय. उगं पळवलंस,’ म्हणून मला चिडवत राहिले.

अहवालात ‘दोन व्हिडिओंतला फरक’ ही चौकट मी मोकळी सोडली. सिस्टीम घेऊ नये, एवढंच लिहिलं. भास झाला असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

गेल्या महिन्यात केंद्रातल्या मुलांनी सरांना घड्याळ भेट दिलं. सरांनी हौसेनं मनगटाचा फोटो पाठवला.

काळा पट्टा.

मी सगळं सांगून बघितलं. हातापाया पडले. ‘पोरांनी प्रेमानं दिलंय, काढून ठिऊ व्हय?’ म्हणाले. बसतातही त्याच टेबलाशी.

मी काय बघितलं, कसं बघितलं, मला आजही कळलेलं नाही. रोज दुपारी दोनला मी फोन लावते. रिंग वाजत राहते... वाजत राहते... आणि मग आवाज येतो —

‘व्हय गं, हाय मी.’