ठेक्यात न मावलेलं ‘नाही’
लाल पेन हातात घेतलं की शहापूरच्या माझ्या वर्गातली, डोळखांबच्या पाड्यावरून येणारी ती मुलगी आठवते. स्नेहसंमेलनासाठी स्वतः रचलेलं रॅप गाणं तिनं मला तपासायला दिलं आणि मी सवयीनं प्रत्येक ‘नाय’चं ‘नाही’ केलं. तालमीत ती बाक वाजवत गाऊ लागली, पण दर ओळीला अडखळली. मुली हसल्या, तिचे डोळे भरले. “बाई, तुमचं ‘नाही’ लय लांब हाय, ठेक्यात मावत नाय!” मी स्वतः बाक वाजवून पाहिला, खरंच मावेना. मग माझ्या दुरुस्त्या मीच खोडल्या. आज तिचं तेच गाणं देशात पहिल्या नंबरावर आहे, आणि माझ्या नातवंडांनो, परवा तुम्ही तुमच्या घरून फोनवर तिचंच ‘नाय नाय’ गात होतात, तेव्हा मी एक अक्षरही सुधारलं नाय.