बर्फात हरवू नये म्हणून

माझ्या धाकट्या भावानं बाजेवर दोन यंत्रं मांडली आणि घरातले सगळे बाजेभोवती जमले. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला मुलगी बघण्याचा कार्यक्रम वाटला असता. एक यंत्र देखणं होतं. चेहराभर काच, आणि काचेवर बोट ठेवलं की रंगीत चित्रं सरकायची. दुसरं साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्यासारखं जाड, डोक्यावर एक बोटभर दांडा आणि तोंडावर सात-आठ बटणं. दोघांचं काम एकच होतं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून तुम्ही जमिनीवर कुठं उभे आहात ते सांगायचं. त्यातलं एक ठेवायचं, आणि दुसरं त्यानं अमेरिकेत परत गेल्यावर तिथल्या दुकानाला परत देऊन टाकायचं, असं ठरलं होतं.

भालकीच्या मराठी शाळेत मी वीस वर्षं भूगोल शिकवत होतो. त्यामुळे निवडीचा मान माझा, असं मी धरून चाललो होतो. बाकी कुणी तसं धरलं नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. मी भूमध्य समुद्राचा किनारा फळ्यावर न बघता काढतो, पण लातूरच्या बसस्टँडवर उतरलो की बाहेर जायचं दार कुठल्या अंगाला आहे ते बायको सांगते.

धाकटा इंजिनियर झाला, पुण्याला गेला, हैदराबादला गेला, आणि तिथून कंपनीनं त्याला अमेरिकेत पाठवलं, तेही नेमकं डोंगर आणि बर्फ असलेल्या मुलखात. तिथं त्याला एक नाद लागला. पुढं दोन घसरपट्ट्या, मागं चाकांच्या जागी रबरी पट्टा, अशी एक बर्फावरची फटफटी मिळते. सुट्टीच्या दिवशी ती गाडीमागं जोडून डोंगराच्या पायथ्याशी न्यायची आणि रस्ता नसलेल्या रानात पिटाळायची. आमच्या वडिलांना, अप्पांना, हे समजावून सांगायला त्याला अर्धा तास लागला.

"तिच्यावर बसून जायचं कुठं असतंय?" अप्पांनी विचारलं.

"कुठं न्हाई, अप्पा. नुसतं फिरायचं आन् परत यायचं."

"मग जायचंच कामून?"

अप्पा जन्मभर मेंढरांमागं चालले होते, पण गवत किंवा पाणी असल्याशिवाय एक पाऊल टाकलेलं त्यांना आठवत नव्हतं.

यंत्रं आली त्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात हा सोबत्यांच्या मागं पडला, वारा सुटला, समोरचं हातभर अंतरही दिसेना, आणि फटफट्यांच्या खुणा बघता बघता बुजल्या. बर्फात खड्डा करून हा त्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर लोकांना सापडला. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती थोडक्यात वाचली. हे त्यानं आम्हाला सांगितलंच नव्हतं. त्याच्या बायकोनं फोनवर मायला सांगितलं आणि मायनं गावाला. बायकोनं त्याला बजावलं होतं, एक तर ती फटफटी वीक, नाहीतर परत यायची खात्री देईल असं काहीतरी घे. त्यानं दोन घेतली. कुठलं भरवशाचं ते त्याला ठरवता येत नव्हतं, आणि नोव्हेंबरात तो पुन्हा जाणार होता.

मे महिना होता. मंठाळकडच्या आमच्या गावात पत्रे तापून कडकडत होते. अशा दिवसांत आम्ही बर्फाची तयारी करायला बसलो.

"हातात मोजे असतेत का न्हाई तिथं?" मायनं विचारलं.

हा प्रश्न यंत्राच्या पुस्तकातही नव्हता. आमच्याकडे हातमोजे कुठले असणार. माझे थंडीतले लोकरी पायमोजे निघाले. धाकट्यानं प्रत्येक हातात दोन-दोन चढवले आणि देखण्या यंत्राच्या काचेवर बोट ठेवलं. एका दाबात तीन चित्रं उघडली आणि चौथं मिटलं. वर उन्हात धरलं तर काचेत त्याचं स्वतःचंच तोंड दिसायचं. जाड्याची बटणं मोज्यातूनही कट्कट् लागत होती.

"पर ह्याच्यात नकाशा लई भारी हाय," धाकटा देखण्याची बाजू घेत म्हणाला.

मी नकाशा पाहिला. हैदराबाद एक ठिपका होतं. बिदर नव्हतं, भालकी नव्हती, मंठाळ असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या यंत्राच्या मते आम्ही सगळे एका कोऱ्या पिवळट कागदावर बसून चहा पीत होतो.

"तिकडचा नकाशा हाय त्याच्यात, अण्णा. इकडचा न्हाई."

"म्हंजे आपलं बरं हाय," मी म्हणालो, "आपल्याला कुणी हुडकत येणार न्हाई."

मग थंडीची परीक्षा. थंडीत सेल मान टाकतात असं धाकटा म्हणाला. मी रसवंतीवाल्याकडून भुशात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी आणली आणि परातीत फोडली. शास्त्राचा माणूस म्हणून मी घोषणा केली की आता तापमान शून्य आहे. मायनं माझ्याकडे फळ्यावर चुकीचं लिहिणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

"मीठ घाल की त्याच्यात. लग्नात पॉटचं आईस्क्रीम करायलेले बगितलं न्हाईस का?"

खडेमीठ घातल्यावर बर्फ असा काही गारठला की परातीच्या बाहेरच्या अंगाला पांढरं धरलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन्ही यंत्रं त्यात पुरली. किराणा दुकानातले साधे सेल दोन्हींत बंद पडले. धाकट्यानं तिकडून आणलेले खास सेल दोन्हींत टिकले. देखण्याची काच मात्र गारठून इतकी सुस्त झाली की बोट लावल्यावर चित्र उघडेपर्यंत मी बिडी पेटवून दोन झुरके ओढले. तरी धाकट्याचा जीव देखण्यावरच होता. त्याच्या मित्रांकडे तेच होतं.

शेवटी अप्पा म्हणाले, "घरात बसून काय कळंल. रानात न्या. उद्या मेंढरापाशी या."

अप्पांनी तेव्हाही तीसेक मेंढरं ठेवली होती. पेरणीआधी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्या-मुताचं खत होतं म्हणून. रात्रभर जाळ्यांच्या कुंपणात कळप एका तुकड्यावर बसवायचा, मग पुढच्या तुकड्यावर. त्या आठवड्यात अप्पांचा मेंढवाडा एका उसवाल्याच्या मोकळ्या रानात होता.

सकाळी आम्ही दोघं वाड्यापाशी उभे राहिलो. अप्पांची अट साधी होती. माळ ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचं आणि यंत्राला विचारत परत यायचं. वाटेत माणसाला विचारायचं नाही. धाकट्यानं दोन्ही यंत्रांवर त्या जागेला 'घर' असं नाव देऊन खूण केली. जाड्यात आणखी एक सोय होती, आपण चालू तशी ठिपक्यांची वाट तो मागं उमटवत जायचा. देखण्यातही ती होती, पण सुरू करायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जाणं सोपं झालं. येताना आम्ही वेगळे झालो. देखणं माझ्याकडे आलं. त्यानं एक सुंदर लाल बाण दाखवला, घर त्या दिशेला. बाण सरळ होता. मुलूख तसा नव्हता. बाणाच्या नादानं मी एका बाभळीच्या कुपाटीत शिरलो, धोतर असतं तर तिथंच सोडून आलो असतो. मग एका नाल्यात उतरलो आणि चढायला जागा मिळेना म्हणून पाव कोस नाल्यातूनच चाललो. पुढं उसात घुसलो. उसाच्या पात्यांनी कान कापले, तरी बाण डगमगला नाही. वीस वर्षं मुलांना दिशा शिकवल्यावर मला त्या दिवशी समजलं की दिशा आणि वाट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी उसातून बाहेर पडलो तेव्हा धाकटा आधीच 'घरी' पोचला होता. आल्या वाटेनं ठिपके धरून आला होता, अंगावर ओरखडा नव्हता. पण तो हसत नव्हता. त्याच्या पायाखाली लेंड्या होत्या आणि खुंट्यांची भोकं होती. मेंढरं नव्हती, जाळ्या नव्हत्या, अप्पा नव्हते. दोन्ही यंत्रं सांगत होती, पोचलात.

"चुकलं बग कायतर," तो म्हणाला आणि जाड्याची बटणं दाबायला लागला. मी देखण्याची काच पुसली. दोघं मान खाली घालून त्या रिकाम्या तुकड्यावर गोल गोल फिरलो. यंत्र एका अंगाला तीन पावलं दाखवी, मग दुसऱ्या अंगाला दोन. असा किती वेळ गेला कोण जाणे.

"आता जेवायला तरी याल का न्हाई?"

अप्पा बांधापलीकडच्या तुकड्यात काठीवर हनुवटी टेकून उभे होते. तीस मेंढरं, जाळ्या, पाण्याची घागर, सगळं शे-दीडशे पावलांवर, उघड्या रानात. आमच्या दोघांच्या नजरेत ते आलंच नव्हतं.

"अप्पा, वाडा कवा हलवलाव?"

"तुमी गेल्यावर. आज हलायचाच होता की. मेंढराचा वाडा एका जागी ऱ्हातोय व्हय?"

आम्ही ह्याच वाड्यांमागं फिरत लहान झालो होतो. शाळा सुटली की दप्तर घेऊन वाडा काल कुठं होता आणि आज कुठं असेल ह्याचा हिशेब करत चालायचो. आणि खूण कशावर केली, तर जे हलणारच होतं त्यावर. मी मोठ्यानं हसलो. धाकटा बांधावर बसला.

"अण्णा, मी तिथंबी गाडीवरच खूण करतो," तो म्हणाला. "जिथं गाडी उभी केली तीच जागा. सोबती कदीमदी गाडी पलीकडच्या रस्त्याला नेऊन लावतेत."

अप्पांनी भाकरी सोडली, ठेचा काढला. मग हात पुसून दोन्ही यंत्रं मागून घेतली. देखणं बराच वेळ हातात धरलं, चित्रं सरकवली, खूश झाले. जाडं घेतलं, एकदा बघितलं आणि धाकट्याच्या मांडीवर टाकलं.

"हे ने."

"कामून, अप्पा?"

"ह्याच्याकडं सारखं बगू वाटत न्हाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी हितं हुबा ऱ्हाऊन बगायलो होतो, ही दोगं मान वर कवा करतेत. तू केली न्हाईस. तिथं जाशील तवा शंभर पावलं झाली की मागं वळून बगायचं. वळून बगितल्यावर दिसतंय तसंच येताना रान दिसतंय, जाताना दिसतंय तसं न्हाई."

"बर्फात काय दिसत न्हाई, अप्पा."

"दिसंना झालं की परत फिरायचं. त्याला यंत्र कशाला पायजे?"

देखणं परत गेलं. नोव्हेंबर संपता संपता एका संध्याकाळी त्याचा फोन आला. तो पहिल्यांदा रानात जाऊन आला होता. आकाश भरून आलं तेव्हा वारा सुटायच्या आतच ठिपक्यांवरून परत फिरला. बाकीचे त्याला भित्रा म्हणाले आणि पुढं गेले, आणि तासाभरानं बर्फात रुतणाऱ्या फटफट्या ढकलत आले. ह्या वेळी खूण त्यानं गाडीवर केली नव्हती, पायथ्याच्या पेट्रोल पंपावर केली होती.

मी फोन अप्पांच्या कानाला लावला.

"किती बारी वळून बगितलास?" त्यांनी विचारलं.

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अप्पांनी फोन माझ्याकडे दिला आणि मायला म्हणाले, "आलाय. चहा ठेव."