‘आम्ही’ म्हणजे कोण?

कुमुदताई सामंत यांची आणि माझी पहिली भेट भांडुपच्या त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात झाली, आणि खरं सांगायचं तर त्या भेटीत मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझी मुलगी प्राजक्ता तेव्हा नुकती विशीत आली होती. तिची समज वयाच्या मानाने कमी, बोलणं सावकाश. विशेष मुलांची शाळा संपलेली, आणि पुढे काय हे कोणी सांगत नव्हतं. ताईंनी तिला विचारलं, “नाव काय गो तुझं?” सवयीने मीच उत्तर दिलं, “प्राजक्ता. आम्ही जरा लाजतो. आणि आम्हाला अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत.”

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला येत नाहीत? मग आधी तुमचीच शिकवणी घेऊ.”

प्राजू खुदकन हसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी गेल्यावर मात्र ते बोलणं डोक्यातून जाईना. ‘आम्ही जेवलो’, ‘आम्हाला ताप आलाय’ असं म्हणता म्हणता ती कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते, हे मलाच कळेनासं झालं होतं. केंद्रात पालकांना ‘आम्ही’ म्हणायला मनाई आहे, हे मला नंतर समजलं. कोणी चुकून म्हटलंच, तर ताई विचारतात, “आम्ही म्हणजे कोण?”

केंद्राची वाटचाल ताईंच्या या गौरवग्रंथात इतर जाणकार मांडतीलच. मी आधी एक आई आणि मग तिथल्या पालकगटाची कार्यकर्ती. आमच्यासारख्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आपल्यामागे हिचं कसं होणार? ताईंनी या प्रश्नावर कधी धीराचे शब्द ऐकवले नाहीत. त्यांनी प्राजूला बटणं शिकवली, मग चहा, मग रस्ता ओलांडणं, आणि मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याच्या पाकिटांवर लेबलं लावायचं काम मिळवून दिलं.

ते मिळवतानाची गंमत मी स्वतः पाहिली आहे. कारखान्याचे मालक भले गृहस्थ. ते म्हणाले, “ताई, मुलीला कशाला त्रास? घरी बसू दे, मी पगार पाठवतो. तेवढंच पुण्य.” ताई ताडकन उठल्या. “पुण्य हवं तर देवळात जा ना. माझ्याकडे कामाला माणसं मिळतात. ठेवायची असेल तर काम द्या, आणि चुकली तर ओरडा!” ते खरोखर ओरडलेसुद्धा. उलटी लेबलं लावली म्हणून प्राजू रडत घरी आली, तेव्हा मी भांडायला निघाले होते. ताई मालवणी खाजा घेऊन हजर! “ओरडा खाल्लास? झकास! आता तू खरी कामगार झालीस.”

त्यांची माया ही अशी. माझे यजमान इस्पितळात होते तेव्हा ताई रोज संध्याकाळी यायच्या, पण डबा असायचा प्राजूच्या हातात. भातसुद्धा तिनेच लावलेला, थोडा कच्चा. यजमान तो मुकाट्याने खायचे आणि ताई समोर बसून कौतुकाने पाहत राहायच्या.

आता तो दिवस सांगते. सुरुवातीला मी प्राजूला बसने मरोळला सोडायला जात असे. पुरेसा सराव झाल्यावर ताईंनी फर्मान काढलं, “उद्यापासून ती एकटी जाईल. कोणी मागे जायचं नाही.” मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी प्राजू बसमध्ये चढली आणि मी मागून रिक्षा केली. मरोळला सिग्नलवर रिक्षा अडकली, बस पुढे निघून गेली. मी उतरून धावत सुटले, घाईत भलत्याच गल्लीत शिरले. सगळीकडे सारखेच गाळे, सारखीच शटरं. शेवटी ताईंना फोन लावला आणि रडत म्हटलं, “ताई, वाट लागली! आम्ही हरवलो!”

“आम्ही म्हणजे कोण? प्राजू केव्हाच पोचली. हरवलात तुम्ही. आता पत्ता विचारत या.”

विचारत विचारत पोचले, तर कारखान्यासमोरच्या टपरीआड ताई उभ्या! भांडुपहून इथवर, गुडघेदुखी घेऊन.

“तुम्ही इथे कशा?” मी विचारलं.

“चहा प्यायला. बरा करतो हा,” ताई म्हणाल्या. कप हातात तसाच होता, चहावर साय धरलेली. पहाटेपासून त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, हे मला त्या सायीवरून कळलं. त्या क्षणी मला त्या सख्ख्या बहिणीसारख्या वाटल्या.

तेवढ्यात प्राजू खोकी ठेवायला दाराशी आली. दोघींना पाहून तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. “आई, तू कशाला आलीस? मला काम आहे,” म्हणाली आणि आत निघून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघी तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि टपरीवाल्याने न विचारता दोन चहा पुढे केले.

आज ताई पंच्याहत्तरीत पाऊल ठेवत आहेत. शुभेच्छा द्यायच्या तर मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. अशा मुलांच्या आया देवाकडे एक मागणं मागतात आणि ते कोणाला सांगत नाहीत: मला लेकरापेक्षा एक दिवस तरी जास्त दे. मीही ते वर्षानुवर्षं मागितलं. प्राजू रोज एकटी कामावर जायला लागली आणि कधीतरी ते मागायचं राहूनच गेलं. आता माझी वेळ येईल तेव्हा मी निवांत जाईन. माझ्यामागे ती राहील, नीट राहील. देवाजवळ हट्टाने मागितलेलं ते जास्तीचं आयुष्य आता मला नको. ताई, ते सगळं तुम्हाला लागो, ठणठणीत तब्येतीसकट.