सुताराच्या घरी पाळणा न्हाई?

आमच्या नाताळ कमिटीचे किस्से ओल्या मातीसारखे आहेत. एकाला हात लावला की दुसरा बोटाला चिकटून येतोच! माझ्या सांगण्यात चूक असेल, तर कमिटीतलं कुणीही दुरुस्त करेल. तेवढी हौस सगळ्यांना आहे.

परतूरजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये या वर्षी ख्रिस्तजन्माचा देखावा गावच्या मातीचा करायचा, हे मीच सुचवलं. न्हावी, लोहार, धनगर सगळे बाळाला बघायला आलेत, असा. मूर्ती करणार किशनमामा कुंभार. बघायला बिशप येणार. त्यांना पसंत पडलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून शहरातला प्लास्टरचा सेट! माझी झोपच उडाली.

*

किशनमामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, पोराचा बाप काय करतो?"

"सुतार."

"सुताराच्या घरी पाळणा न्हाई? गव्हाणीत कामून ठिवलं पोराला?"

माझी डॉक्टरेट बायबलवरची. घरी जाऊन पुन्हा बायबल उघडलं!

*

न्हाव्याची मूर्ती हुबेहूब आमच्या रावसाहेब न्हाव्यासारखी झाली. ते स्वतः पाहायला आले आणि भडकले.

"बाळाचं जावळ कोन काढनार? मीच ना? मंग मला मेंढरांच्या मागं कामून उभं केलं?"

न्हावी पुढे आला. मेंढरं मागे गेली.

*

"तीन ज्ञानी पूर्वेकडून उंटावर आले," मी किशनमामांना सांगितलं.

"पूर्वेकडून म्हंजे परभणीकडून? मंग रेल्वे हाय की! उंट कशाला?"

*

लोहाराचं नाक मला जरा वाकडं वाटलं. खात्री करावी म्हणून बोट लावलं. नाक बोटाबरोबर आलं!

मामांच्या पत्नी गंगाबाई म्हणाल्या, "सर, तुमी नुस्तं डोळ्यानं बघत जा."

*

मांडणी गंगाबाईंनी केली. बिशप आले, बँड वाजला, दिव्यांच्या माळा लागल्या. पाहतो तर गोठ्याला चक्क लुगड्याचा पडदा! बाहेर न्हावी, लोहार, धनगर, तिन्ही ज्ञानी आणि खुद्द बाळाचा बाप योसेफ ताटकळत उभे. बाळ-बाळंतीण दिसेचनात. मी गंगाबाईंकडे धावलो.

"बाई, पडदा काढा!"

"बाळंतिणीच्या खोलीत गडीमानसं? पाचवी तरी होऊ द्या!"

किशनमामा खाली मान घालून उभे. बिशप पडद्यापाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "बाळ-बाळंतीण खुशाल आहेत ना?"

गंगाबाई कुजबुजल्या, "खुशाल हायत. पोरगं आत्ताच झोपलंय."

बिशपांनी हात वर करून बँड थांबवला, माळा बंद करायला लावल्या आणि चपला हातात घेऊन चवड्यांवर बाहेर गेले.