जोरमा बोल, नाना

आमच्या फादरपुढे पाप कबूल करायचं म्हणजे अख्ख्या धरणगावात दवंडी पिटायची. माणूस ठार बहिरा. चर्चच्या खिडकीशी खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचे. आपण हळूच काही सांगायला लागलो की कानामागे हात धरून म्हणायचे, "देवले ऐकू येस, माले नही. जोरमा बोल!"

फादर मूळचे वसईकडचे. चाळीस वर्षं इकडे काढली आणि अर्धी मराठी, अर्धी अहिराणी अशी खिचडी बोलायला लागले. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. एकदा तिथून सरकी उचलली, ती सांगायला गेलो.

"कितली उचलली?"

"एक गोणी."

"आं?"

"एक गोणी, फादर!"

खिडकीबाहेरून नेमका आमचा मुकादम चालला होता. दुसऱ्या दिवशी फाटकातच म्हणाला, "काय नाना, देवानं माफ केलं ना? आता गोणी आण." मी आठ दिवस फादरशी बोललो नाही. त्यांना पत्ताच नाही. बहिऱ्याशी अबोला धरून काय उपयोग?

सिस्टरांनी धुळ्याहून कानाचं मशीन आणून दिलं. महिनाभरात फादरांनी ते एका कमी ऐकू येणाऱ्या मास्तरांना देऊन टाकलं. मी तडकलो. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अहो, तुम्हाला लोकांची पापं ऐकायची असतात!"

"पापं बठ्ठी जुनीच असतात नाना. पोरांचे प्रश्न रोज नवीन."

"मग आम्हाला ओरडायला कशाला लावता?"

"तुनं तुले ऐकू जावाले पाहिजे," म्हणाले आणि चहा बशीत ओतायला लागले. असल्या माणसाशी काय वाद घालणार!

माझी बायको सहा महिने खाटेवर होती. खाट दाराकडे करा, परत भिंतीकडे करा, दिवसभर तेच. एका सकाळी तिसऱ्यांदा म्हणाली आणि मी बोलून गेलो, "मर एकदाची." दुपारी ती गेली.

हे मी कोणाला सांगितलं नाही. फादर दर रविवारी म्हणायचे, "नाना, तुना मनमा काहीतरी शे." मी मान हलवून नाही म्हणायचो. हे काय खिडकीशी बसून ओरडायचं? दोन वर्षं अशीच घालवली. शेवटी ठरवलं, म्हाताऱ्याला कापसाच्या शेतात एकटं न्यायचं आणि तिथं सांगायचं. तर हे धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन पडले आणि आले ते पेटीतच. चार दिवस थांबायला काय झालं होतं?

त्यांच्या जागी आलेले नवे फादर चांगले होते, कानही तिखट. पण त्यांनी माझ्या बायकोच्या हातची भाकर खाल्लेली नव्हती. त्यांना काय सांगणार?

शेवटच्या दर्शनाला रांग पार रस्त्यापर्यंत. माझा नंबर आला. पेटीवर वाकलो, हळूच बोलायला गेलो आणि माझाच मला राग आला. ह्या माणसाशी हळू बोलून कधी भागलं होतं? छाती भरून ओरडलो, "फादर, मी तिला मर म्हणालो! आणि ती मेली!"

मी मान खाली घालून तसाच उभा. मागून खांद्यावर एक चापट बसली. चाळीसगावकडून आलेली कोणी म्हातारी होती, मी ओळखतही नव्हतो. पदरानं नाक पुसत म्हणाली, "सरक आते, भाऊ. माले बी सांगनं शे."