चौतीस पानांचा अर्ज

तिचे पूर्ण नाव तीन शब्दांचे असून ते पदवीच्या प्रमाणपत्रावर ठसठशीत अक्षरांत छापलेले आहे. परंतु घरात, गल्लीत किंवा महाविद्यालयात त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. ती सर्वांची बारकी. ही हकीकत घडली तेव्हा वय वर्षे बावीस, महिने चार. शिक्षण रसायनशास्त्राची पदवी, प्रथम श्रेणी. अनुभव काहीही नाही. वडील पुस्तकबांधणी करीत. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि जिन्यावर बाराही महिने खळीचा वास.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ परीक्षकाचे एक पद निघाले होते. पद एकच. अर्ज शुक्रवारी दुपारी चारच्या आत खिडकीवर प्रत्यक्ष द्यायचा होता. पाण्याचे नमुने तपासणे हे एकच काम बारकीला चांगले येत होते आणि मनापासून आवडतही होते, त्यामुळे ही संधी हातची जाऊ नये यासाठी ती आठवडाभर तळमळत होती.

तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, पहिल्याच दिवशी अर्जाचा ताबा घेतला. तो मोबाइलच्या दुकानात विक्रेता होता आणि न खपणारी वस्तूही खपवण्याबद्दल त्याची ख्याती होती.

"ए बारके, असं रडतराऊतासारखं लिहून कोण घेणार तुला? हे बघ." त्याने स्वतःच टंकलेला कागद पुढे केला. "ध्येयनिष्ठ, गतिमान, नेतृत्वगुणांनी संपन्न. आजवरच्या कामात एकही चूक नाही."

बारकीने तो दोनदा वाचला. "दादा, ही कोण बाई आहे?"

"तूच! जरा पॉलिश मारलंय, एवढंच."

महाविद्यालयातल्या बाईंचे म्हणणे नेमके उलट होते. त्यांनी सांगितले, "विशेषणं नकोत. तू स्वतः काय केलंस ते एका पानात लिही." बारकीने मग लिहिले, की शेवटच्या वर्षी तिने आपल्या रस्त्यावरच्या अकरा नळांचे पाणी सहा आठवडे तपासले, तिसऱ्या आठवड्यात एका नळाचा आकडा भलताच आला, दोन दिवस शोध घेतल्यावर कळले, की नळ निर्दोष होता, तिनेच नमुन्याची बाटली नीट विसळली नव्हती, म्हणून तिने त्या आठवड्याचे अकराही नमुने पुन्हा घेतले.

दादाने कपाळावर हात मारला. "अर्जात कुणी स्वतःची चूक लिहितं का? वेडी आहेस का ठार? ते लोक चुका शोधायलाच बसलेत, तू ताटात वाढून दे!"

बारकीने बाटलीचे वाक्य खोडले. बाईंना दाखवायला निघताना पुन्हा घातले. परत आल्यावर पुन्हा खोडले, आणि सही करण्याआधी पुन्हा घातले. गुरुवारी संध्याकाळी टेबलावर प्रमाणपत्रांच्या चळतीजवळ दोन अर्ज शेजारी शेजारी पडले होते, एक दादाचा आणि एक तिचा, दोन्हींवर तिची सही. कोणता द्यायचा हे उद्या सकाळी ठरवू, असे म्हणून ती उठली.

बाबांना या वादात रस नव्हता. त्यांची चिंता वेगळीच होती. तीस वर्षे कचेऱ्यांची दप्तरे बांधताना सुट्या कागदांची काय दैना होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

"सुटं पान म्हणजे हरवलेलं पान, बारके. मी शिवून देतो. कागद कुठले घेऊ?"

"टेबलावर आहेत ते," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. तिच्या मनात प्रमाणपत्रे होती.

बाबांचा धंद्यातला एक कडक नियम होता: बांधणाऱ्याने मजकूर वाचायचा नाही, फक्त पानांचे आकडे पाहायचे. वाचायला लागले की सुई चुकते. त्यांनी पहाटे उठून टेबलावरचे सारे कागद चापून रचले, आकडे मारायच्या यंत्राने एकपासून चौतीसपर्यंत आकडे मारले, टोच्याने भोके पाडली, दुहेरी दोऱ्याने शिवण घातली, कापडी पाठ लावली आणि वर निळा पुठ्ठा चढवला. बालवर्गातील धावण्याच्या शर्यतीचे तिसरे बक्षीसही त्यात सुखरूप बसले.

सकाळी बारकीने पाहिले, तर अर्ज दाबयंत्राखाली.

"बाबा! अर्ज कुठला घेतलात?"

"होतं ते सगळं घेतलं. एक कागद सोडला नाही." त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता. "दीडला काढतो. ओली बांधणी उघडायची नाही हं, पाठ सुटते."

तिला विचारावेसे वाटले, सांगावेसेही वाटले. पण त्यांच्या बोटांवरची ताजी खळ पाहून ती बसचे सुटे पैसे मोजू लागली. बसमध्ये ती निळा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली. उघडला नाही. ओला होता हे खरे. पण आत काय असेल याची भीतीही काही कमी नव्हती.

खिडकीवरच्या कारकून बाईंनी चष्मा वर केला. "हे काय आणलंय? ग्रंथ?"

"अर्ज आहे."

"अर्ज सुटा लागतो. यंत्रातून जातो तो. पुठ्ठ्यासकट कसा घालू?" त्यांनी पहिले पान उलटले, मग दुसरे, मग पुन्हा पहिले. "पान एकवर अर्ज. पान दोनवरही अर्ज. सही एकच. इथे म्हणता एकही चूक नाही, आणि इथे चूक कशी झाली त्याची कथा. यातला तुमचा कोणता?"

बारकी खिडकीशी वाकून दोन्ही पाने पाहू लागली.

"लवकर सांगा. एका नावाचे दोन अर्ज आले की दोन्ही बाद. साडेतीन वाजलेत." त्यांनी खिडकीतून कागद कापायची पाती सरकवली. "तिकडे बाकावर बसा आणि सोडवून आणा."

बाबांची शिवण सहजासहजी सुटणारी नव्हती. तिने पाठीवरचे कापड चिरले तेव्हा ओली खळ बोटांना लागली. दुहेरी दोरा एकेका भोकाशी कापावा लागला. चौतीस पाने मांडीवर विखुरली. दादाचे पान हातात घेऊन ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. मग स्वतःचे घेऊन गेली, पुन्हा अडखळली. धैर्य वगैरे तिला मुळीच वाटत नव्हते. तिला एवढेच दिसत होते, की दादाच्या पानावर कोणी एक प्रश्न विचारला तर तिची दातखीळ बसेल, आणि बाटलीबद्दल कोणी तासभर विचारले तरी तिला सांगता येईल. तिने आपले पान प्रमाणपत्रांसह आत सरकवले. चारला सात मिनिटे होती.

"नक्की?" कारकून बाईंनी विचारले.

"माहीत नाही," बारकी म्हणाली. शिक्का उमटला.

सव्वा महिन्याने मुलाखत झाली. तीन जणांपैकी एकाने बाटलीबद्दल बराच वेळ विचारले. तो प्रसन्न होता की साशंक, हे तिला शेवटपर्यंत उमगले नाही. निवड यादीत तिचा क्रमांक दुसरा लागला. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार रुजू झाला. दादा म्हणाला, "माझा दिला असतास तर पहिली आली असतीस." महाविद्यालयातल्या बाई म्हणाल्या, "त्या पानामुळेच दुसरी तरी आलीस." दोघेही तितक्याच ठामपणे बोलत होते, आणि बारकीला दोघांचेही पटत होते.

प्रतीक्षा यादी वर्षभर ग्राह्य असते. त्यातले सात महिने उलटले आहेत. मधल्या काळात तिने आणखी दोन ठिकाणी अर्ज पाठवले, दोन्ही एकपानी, दोन्हींत बाटली. एकीकडून नकार आला, दुसरीकडून अद्याप काहीच नाही. बाबांनी एकदा जेवताना विचारले, "आपला निळा अर्ज त्यांच्या कपाटातच असेल ना गं?" बारकी हो म्हणाली. खरे काय ते सांगायचे अजून राहिले आहे.