राखाडीकाकांची नौका-परीक्षा

चष्मेवाल्याने आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं, दारात माणूस नाही, एखादं जहाजच नांगरून ठेवलंय. आवाज असा, की शेजारच्या इमारतीतली झोपलेली बाळं उठून रांगेत उभी राहावीत. तीस वर्षं गोदीत युद्धनौका रंगवल्याने भुवयांपासून चपलांपर्यंत राखाडी ठिपकेच ठिपके. सगळी गल्ली त्यांना राखाडीकाका म्हणे.

लेकीला मागणी घालायला आलेल्या पाहुण्याला त्यांनी पाण्याआधी प्रश्न दिला. "विनाशिका आणि फ्रिगेट, फरक काय?"

"काका, मी नजर तपासतो..."

"मग दिसायला हवा! विनाशिका मोठी. आकाशातलं, पाण्यावरचं, पाण्याखालचं, एकटी सगळ्यांशी भांडते. म्हणजे आमची ही." स्वयंपाकघरात भांडं आदळलं. "फ्रिगेट जरा लहान. ताफ्याला सोबत करते, लपलेली पाणबुडी बरोबर हुडकते. म्हणजे आमची लेक. तिच्याशी खोटं बोलू नकोस. विमानवाहू नौका माझी बहीण. एवढी अवाढव्य, पण चौघांचा पहारा असल्याशिवाय बाहेर पडत नाही."

"आणि मी?"

"कॉर्व्हेट. छोटी, चपळ, किनाऱ्याजवळची. आणि म्हणे लेकीला घेऊन लांबच्या शहरात दुकान थाटणार!"

"स्वतः कोण ते सांगा की," काकू आतून म्हणाल्या. "गोदीत चढवलेलं जहाज! तीस वर्षं दुरुस्ती चालू आहे."

काकांनी न ऐकल्यासारखं केलं. पाहुण्यापुढे ब्रश, डबा आणि पत्र्याची खरवडणी ठेवली. "खिडकीचे गज रंगव."

चष्मेवाल्याने ब्रश उचलला. पडद्याआड लेक खोकली. त्याने ब्रश ठेवून खरवडणी घेतली आणि दोन तास गंज काढला. शर्टाची पार वाट लागली.

काकांनी गजावरून अंगठा फिरवला. "गंजावर रंग फासणारा असतास, तर चहाही मिळाला नसता. माणूस चांगला आहेस रे. पण लेक लांब जाणार..." एवढा मोठा आवाज एकदम बसला.

चष्मेवाल्याने पडद्याआडून डोकावणाऱ्या लेकीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

"कॉर्व्हेट किनाऱ्याजवळच राहते, असं तुम्हीच म्हणालात ना, काका? दुकान इथंही चालेल."

"अगं, चहा टाक!" काका असे गरजले, की बाळं पुन्हा उठली.

लग्न झालं. दुकान गल्लीच्या टोकाला निघालं. गज दरवर्षी जावई खरवडतो, आणि कुठे राहिलं ते काका खुर्चीतून दाखवतात.